निरोप दिलेली बाई

नेस्टा प्रोबर्टने स्वतःसाठी विणलेल्या शवपेटीत त्या वसंतात कोंबड्या अंडी घालू लागल्या. पेटी चांगली होती, त्यात वाद नाही. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या काड्या तिने आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी स्वतः कापल्या होत्या, पिंपात भिजवल्या होत्या आणि गुडघ्यांत धरून एकेक वाकवली होती. खिळा नाही, वार्निश नाही, पितळी कडी नाही. मातीत जायचं ते मातीला पचेल असंच असावं, हा तिच्या ड्रुइड मंडळाचा, निसर्गपूजकांच्या पंथाचा, दंडक. पेटी पुरी झाली, अंगावर घ्यायचं पांढरं लोकरीचं वस्त्र शिवून झालं, थडग्यावर लावायचं रोवनच्या झाडाचं रोप कुंडीत धरलं, मंडळाने रीतसर निरोपही दिला. सगळं झालं. फक्त बाई मेली नाही.

मेली नाही हा काही गुन्हा नव्हे. पण मरणाची एवढी जय्यत तयारी करून, एवढ्या लोकांचं रडणं वसूल करून, मग उठून ऑम्लेट खायला बसणाऱ्या बाईशी लोकांनी बोलायचं तरी काय? नँटवर्न हे वेल्सच्या डोंगरातलं एवढंसं खेडं. इथे मेलेल्याला विसरता येतं आणि जिवंताला टाळता येतं. नेस्टा कशातच बसेना, म्हणून लोकांनी दोन्ही केलं.

तशी ती आधीही फारशी लाडकी नव्हती. शाळेच्या जेवणघरात तिने तीस वर्षं डाव हलवला. हात सढळ आणि जीभ कातरीसारखी. ताटात कोबी टाकणाऱ्या पोराला ती सगळ्यांसमोर उभं करायची, आणि घरी चूल पेटत नाही अशा पोराच्या ताटात न बोलता दुसऱ्यांदा वाढायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत कार्डिफला कामाला गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. आई होती, ती शहरातल्या इस्पितळात वारली. नेस्टा तीन दिवस उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी दुपारी डोळे मिटायला लागले म्हणून खाली चहा घ्यायला गेली आणि वर आली तर खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता.

मोठी बहीण ओल्वेन तेव्हा लिव्हरपूलला होती. ती दुसऱ्या दिवशी गाडीने आली, काळी टोपी घालून, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "चहा प्यायला गेली होतीस?" स्वतः तीन दिवसांत फिरकली नव्हती, पण ते कोण काढणार? पुढे नवरा गेल्यावर ओल्वेन गावात परतली, नेस्टाच्याच आळीत राहिली, चॅपलच्या पहिल्या बाकावर बसू लागली, आणि हे वाक्य तिने सणासुदीला, भांडणात, कधी नुसतंच जाता जाता बहिणीच्या कानात घातलं. नेस्टाला त्या पडद्याचा आवाज झोपेत ऐकू यायचा. आपण असं पडद्याआड एकटं जायचं नाही, एवढा एकच हट्ट तिच्या आयुष्यात उरला होता.

म्हणून तर ती ड्रुइडांत गेली. झाडं, तारे, पूर्वज, यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. वसंताच्या जत्रेत पेट्रा लॅथबरी टेबल मांडून बसली होती. पेट्रा ब्रिस्टलहून येऊन इथे स्थिरावलेली. आवाज इतका मऊ की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. ती नेस्टाला म्हणाली, "आमच्यात कुणी एकटं मरत नाही." नेस्टाने तिथल्या तिथे नाव दिलं.

मंडळात दहा-बारा माणसं. एका शेतकऱ्याच्या रानात ओकच्या झाडांखाली वर्षातले आठ सण ती साजरे करायची. शेतकऱ्याच्या अटी दोन: आग विझवायची आणि फाटक लावायचं. चॅपलची माणसं हसायची, पण नेस्टाला तिथे जे शिकायला मिळालं ते चॅपलने साठ वर्षांत शिकवलं नव्हतं. मरण हा पश्चिमेचा दरवाजा आहे, त्याच्यापलीकडे उन्हाळ्याचा देश आहे, आणि दाराशी जायचं तर सामान आवरून जावं, असं ही माणसं मानतात. म्हणून आपली पेटी आपण विणायची, आपलं झाड आपण निवडायचं. मरायला टेकलेल्या माणसाची लक्षणंही शिकायची. आधी पावलं गार पडतात, मग बोटं पांघरूण चिवडू लागतात, मग श्वासात खाडे पडतात. प्रत्येकाचा एक सोबती ठरलेला, शेवटच्या दिवसांत हात धरून बसणारा. नेस्टा हे सगळं स्वयंपाकाच्या कृतीसारखं पाठ करून बसली. थोड्याच वर्षांत ती पेट्रापेक्षा कडक ड्रुइड झाली.

आणि निरोपाची रीत. ज्याचे दिवस भरत आलेत त्याला रिंगणाच्या मधोमध बसवायचं. एकेकाने पुढे येऊन त्याच्या मनगटाला सूत बांधायचं आणि आजवर न बोललेलं बोलून टाकायचं. मेल्यावर बोलण्यात काय हशील, तेव्हा कान कुठे असतात? मग विळ्याने सगळी सुतं कापायची. तो माणूस पश्चिमेकडून रिंगणाबाहेर जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचे हात धरून त्याची जागा भरून काढतात. ऐकायला छान आहे. या छान रीतीनेच पुढचा घोळ केला.

पहिला घोळ इद्वल बेननचा. इद्वल खाणीतला जुना कामगार, छातीत दगडाची धूळ बसलेली, स्वभावाने लोण्याहून मऊ. एका फेब्रुवारीत तो आता जातो की मग जातो असा झाला, तेव्हा मंडळाने त्याला निरोप दिला. त्याची सोबती होती नेस्टा. सूत बांधताना तिने त्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "इद्वल, तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. ती बोलून ती मोकळी झाली, त्याच्या घरी जाऊन नऊ दिवस हात धरून बसली. दहाव्या दिवशी इद्वलचा ताप उतरला.

मेच्या सणाला इद्वल चालत रानात आला. हातात चहात भिजवलेल्या मनुकांचा केक होता, त्याने स्वतः भाजलेला, एका बाजूने करपलेला. तो आपल्या जागेपाशी उभा राहिला आणि सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "नेस्टा, ते विचारायचं राहिलंय म्हणालीस ना, तेवढं विचारायला आलोय."

लोक हसले. चांगल्या मनाने हसले, कुणी टाळीही वाजवली. पण नेस्टाच्या कानात ते हसणं उकळत्या तेलासारखं गेलं. मरणाऱ्या माणसाला दिलेली गोष्ट तो जिवंत होऊन परत घेऊन आला होता आणि चारचौघांत उघडून दाखवत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिची लाज उघड्यावर पडली. ती म्हणाली, "तुला निरोप दिलाय, इद्वल. सूत कापलंय. निरोप एकदाच असतो आणि सोबतही एकदाच. गेलेल्या माणसाला रिंगणात जागा नसते."

कुणीतरी म्हणालं, अगं, असा काही नियम नाही. पण पेट्राला ते फार आवडलं. दरवाजा म्हणजे दरवाजा, पडदा नव्हे, असं ती मऊ आवाजात म्हणाली आणि त्या दिवसापासून नियम झाला. इद्वल मागे वळला. मग त्याने केक फाटकाच्या खांबावर ठेवला, फाटक नीट लावलं आणि गेला. केक पावसात भिजून तिथेच पडला. इद्वल त्यानंतर दोन हिवाळे जगला. नेस्टा एकदाही त्याच्या दारी गेली नाही. आधी रागाने, मग लाजेने, मग उशीर झाला म्हणून. तो मेला तेव्हा कुणाला कळलंही नाही. पोस्टमन गेथिनला पत्रांचा ढीग दाराआड अडकलेला लागला म्हणून त्याने खिडकीतून डोकावलं.

आता नेस्टाची पाळी. पुढच्याच ऑक्टोबरात डॉक्टरने तिच्या स्वादुपिंडातली गाठ दाखवली आणि नाताळ दिसेल याची खात्री देता येत नाही म्हणाला. नेस्टा रडली नाही. घरी येऊन तिने काड्या भिजत घातल्या. पेटी विणून झाल्यावर कोंबड्या ओल्वेनला दिल्या आणि रिकामं खुराडं फोडून शेगडीत घातलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा परीक्षेचा अभ्यास पुरा झालेल्या पोरीसारखं समाधान होतं.

ओल्वेन कोंबड्या न्यायला आली तेव्हा पेटीकडे बघून म्हणाली, "ही टोपली घेऊन देवापुढे जाणार? तो विचारेल, बाजाराला निघालीस का."

"तुझ्या देवाकडे जातंय कोण," नेस्टा म्हणाली.

"आईशेजारी जागा आहे तुझी. ती सोडून गुरांच्या रानात पुरून घेणार."

"आईशेजारी तू झोप. तुला तिची फार काळजी होती."

नोव्हेंबरात निरोप झाला. पेट्राने सूत बांधलं आणि तुझ्या जिभेबद्दल मी तुला माफ केलंय म्हणाली. एकीने सांगितलं की तुझं सणाचं लीकच्या पातीचं सूप मी दरवर्षी कुत्र्याला घालत आले. मोकळं व्हायचा दिवस, लोक मोकळे झाले. शेवटी गेथिन आला, तिचा सोबती. तिशीतला माणूस. लहानपणी शाळेत त्याच्या ताटात दुसऱ्यांदा पडायचं ते तिच्याच हातून. तो एवढंच म्हणाला, "नेस्टा आँटी, तुम्ही होता म्हणून मी उपाशी झोपलो नाही." मग विळा चालला, सुतं गळून पडली, नेस्टा पश्चिमेकडून बाहेर पडली, आणि मागे रिंगण मिटलं.

गेथिनने रजा टाकली आणि दोन आठवडे तिच्या उशाशी बसला. ओठ ओले केले, पाय चोळले, मंडळाची गाणी बेसूर आवाजात गायला. पावलं काही गार पडेनात. एके सकाळी नेस्टाने डोळे उघडले आणि बेकन आहे का विचारलं. जानेवारीत पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टर खूश होता. गाठ सावकाश वाढणाऱ्या जातीची निघाली, आधी वाटली तशी नव्हे. वर्ष जाईल, दोन जातील, कुणी सांगावं. नेस्टा बसने घरी आली. एवढी चांगली बातमी, आणि सांगायला माणूस नाही.

फेब्रुवारीच्या सणाला ती रानात गेली. जाताना तिला काय होणार हे कळत होतं, आणि तरी ती गेली, हे मी तिच्या बाजूने धरतो. ती गेथिन आणि पेट्रा यांच्यामध्ये, आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. दोघांचे हात एकमेकांत होते. ते सुटले नाहीत. पेट्रा तिच्याकडे न बघता म्हणाली, "नेस्टा, तूच आम्हाला शिकवलंस. तुझाच मान राखतोय आम्ही."  पेरलं होतं ते उगवलं होतं, आणि पीक जोमात होतं. परत जाताना तिने फाटक लावलं. खांबावर हात ठेवला तेव्हा तिला करपलेला केक आठवला.

दुसऱ्या दिवशी ओल्वेन कोंबड्या परत घेऊन आली. फार खातात म्हणाली. आणि दारातून जाता जाता, "मरायला बसलीस, तेही तुला धड जमलं नाही." खुराडं जळून गेलेलं, बाहेर कोल्हा फिरत होता. नेस्टाने पेटी पडवीत ठेवली, आत पेंढा घातला आणि कोंबड्या तिच्यात सोडल्या. म्हणून मी सुरुवातीला सांगितलं ते चित्र.

त्या वर्षात तिच्याशी कोण काय बोललं ते सांगायला फार वेळ लागणार नाही. मंडळाची माणसं दुकानात दिसली की पावाच्या मांडणीआड सरकत. चॅपलवाले नमस्कारापुरते बोलत आणि मागे हसत. गेथिन रोज यायचा, त्याला यावंच लागायचं. दाराच्या फटीतून पत्रं आत टाकायचा आणि पावलं न वाजवता जायचा. नेस्टा आतल्या बाजूला उभी असायची.

मग कालान गायाव आलं, हिवाळ्याच्या तोंडाचा सण, मेलेले घरी येतात तो. मंडळ तो दुपारी तीनला करतं, कारण शेतकऱ्याला पाचच्या आत रान मोकळं हवं असतं. रिंगणात एक रिकामी खुर्ची ठेवतात, तिच्यापुढे वर्षावर्षाच्या मेलेल्यांची ताटं मांडतात, नावं घेऊन बोलावतात आणि घटकाभराने परत पाठवतात. पाठवताना सगळे खुर्चीकडे पाठ फिरवतात, गेलेल्याला संकोच न वाटता जाता यावं म्हणून. मेलेल्यांशी बोलायचं, पण ते काही बोलले तर उत्तर द्यायचं नाही, हीही जुनी रीत.

नेस्टाने याच रीतीचा आधार घेतला. निरोप दिलेली म्हणजे मेलेलीच, तेव्हा वर्षातला हा एक दिवस तरी तिला रिंगणात जागा होती. ती ओकच्या आड उभी राहिली. पेट्राने नावं घेतली. इद्वल बेनन म्हटलं तेव्हा नेस्टाने डोळे मिटले. शेवटी पेट्रा म्हणाली, नेस्टा प्रोबर्ट. आणि नेस्टा पांढरं लोकरीचं वस्त्र अंगावर घेऊन झाडाआडून आली आणि खुर्चीत बसली.

कुणी ओरडलं नाही. एकीच्या हातातलं सफरचंद पडलं, तेवढंच. पेट्राचा चेहरा पांढरा झाला, पण ती सरावलेली बाई. सण मोडला नाही. तिने लीक सूपचा वाडगा खुर्चीपुढे ठेवला. नेस्टाने तो उचलला आणि चमचाभर चाखला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली. मग वाडगा मांडीवर ठेवून तिने गेथिनकडे बघितलं. "गेथिन, माझ्या पोटात परत दुखायला लागलंय. या वेळेला खरंच आहे. तू बसशील का रे माझ्याजवळ? दुसऱ्या कुणाला मी विचारत नाही."

गेथिन आपल्या बुटांकडे बघत राहिला. नेस्टाने थांबून बघितलं. इद्वलचं ताट तिच्या पायाशी होतं. त्याला हात लावायची तिची छाती झाली नाही. मग पेट्राने मऊ आवाजात परत पाठवणीचे शब्द म्हटले. दार उघडं आहे, दार मिटतं आहे, सुखाने जा. आणि सगळ्यांनी पाठी फिरवल्या.

नेस्टा त्या पाठींकडे बघत बसली. कोट, मफलर, पेट्राची पांढरी वेणी, गेथिनची पोस्टाची पिशवी. एकही मान वळली नाही. तिने स्वतः कितीतरी कालान गायावला अशीच पाठ फिरवली होती आणि ते फार सुंदर असतं असं लोकांना सांगितलं होतं. शेवटी पाच वाजत आले, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज आला, तेव्हा ती उठली आणि गेली.

जानेवारीत तिने अंथरूण धरलं. डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. नर्स दिवसातून दोनदा येऊन औषधाचा पंप बघून जायची. बाकी वेळ नेस्टा पुढच्या खोलीत खाटेवर, दाराकडे तोंड करून. एकदा फटीतून पत्र पडलं तेव्हा तिने हाक मारली. फट उघडीच राहिली.

"गेथिन, नियम मी केला होता. मीच मोडते. ये."

 तो बाहेरून म्हणाला, "मी एकदा बसलो, आँटी. मला परत नाही जमणार."

"मी तुला जेवू घातलंय रे."

"घातलंत. पण इद्वलकाकांच्या खिडकीतून आत मी बघितलं होतं. तुम्ही नव्हता तिथे." आणि फट मिटली.

 नेस्टा पुष्कळ रडली. संध्याकाळी ओल्वेन आली. तिने खोलीत शेगडी पेटवली, चादर बदलली आणि खुर्ची ओढून स्पष्टच बोलली. मी बसते, शेवटपर्यंत हलत नाही. पण ती टोपली नाही, ते रान नाही, झाड नाही. चॅपलच्या आवारात, आईशेजारी, माणसासारखी पेटी, आणि पाद्रीबाबांची प्रार्थना. कबूल असेल तर बसते, नाहीतर तुझ्या झाडांना बोलाव हात धरायला.

नेस्टाने रात्रभर विचार केला. दहा वर्षांची तयारी एका पारड्यात आणि एक हात दुसऱ्यात. सकाळी पाद्रीबाबांसमोर तिने हो म्हटलं. ओल्वेनने त्याच दिवशी रोवनची कुंडी उचलून मागच्या अंगणात टाकली. पण हात धरला, हे खोटं नाही. कोरडा, हडकलेला, चॅपलच्या साबणाचा वास येणारा हात. तीन दिवस तो हात नेस्टाच्या हातात होता, आणि त्या तीन दिवसांत नेस्टा बऱ्यापैकी सुखी होती. झोपेत तिला पडद्याचा आवाज आला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नेस्टाला आपली पावलं गार पडल्याचं कळलं. बोटं पांघरुणाशी खेळत होती, तीही तिने पाहिली. सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. श्वासात पहिला खाडा पडला तेव्हा ती घाबरली नाही, तिने ओल्वेनचा हात फक्त घट्ट धरला. ओल्वेनला यातलं काही कळत नव्हतं. तिला वाटलं बहिणीला बरं वाटतंय. ती खुशीत होती. आणि खुशीत असली की ओल्वेनची जीभ सुटायची.

"बघ," ती म्हणाली. "चार दिवस झाले, मी या खुर्चीवरून हलले नाही. आई गेली तेव्हा तू चहा पीत होतीस."

 आपल्याजवळ आता फार तर काही श्वास आहेत हे गावात नेस्टाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या हातासाठी तिने पेटी दिली, रान दिलं, झाड दिलं, तो हात हातात होता. नुसतं गप्प राहायचं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची तिची जन्माची खोड. इद्वलच्या वेळी केलं तेच तिने आता केलं. तिने ओल्वेनचा हात सोडला.

"घसा सुकलाय," ती म्हणाली. "चहा टाक ना गं. तूही घे. दमली असशील."

ओल्वेनला बहिणीच्या तोंडून इतका गोड शब्द पन्नास वर्षांत ऐकू आला नव्हता. ती लगबगीने उठली. स्वयंपाकघर घराच्या मागच्या टोकाला. तिने किटली ठेवली, चांगले कप काढले, बशीत बिस्किटंही मांडली. पडवीत कोंबड्या पेटीत शिरून कलकलत होत्या म्हणून त्यांना दोन शिव्या घातल्या. पुढच्या खोलीत नेस्टा दाराकडे बघत होती. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. मध्येच तिला फार भीती वाटली आणि तिने ओल्वेनला हाक मारली, पण ती हाक खाटेच्या कडेपलीकडे गेली नाही. किटलीची शिटी मोठी होती.

ओल्वेन दोन कप घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

अंत्यविधी चॅपलमध्ये झाला. वार्निशची पेटी, पितळी कड्या, आईशेजारची जागा. मंडळाची माणसं आवाराच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर येऊन थांबली होती. पाद्रीबाबा भला माणूस. तो भिंतीशी जाऊन पेट्राला म्हणाला की तुमची ती बरीच वर्षं होती, काही बोलायचं असेल तर या, बोला. पेट्राने मान हलवली. "आमचं सगळं बोलून झालंय," ती म्हणाली. गेथिन तिच्यामागे उभा होता. पेटी खाली सोडताना त्याने तोंड फिरवलं, पण ते रीत म्हणून नव्हे.

नंतर चॅपलच्या मागच्या खोलीत बायकांनी नेहमीसारखा चहा केला. एकीने ओल्वेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शेवटी जवळ होतीस ना गं तू?"

"होते तर," ओल्वेन म्हणाली. "हात हातात होता."

कुणीतरी तिच्या हातात भरलेला कप दिला. तो गार होईपर्यंत तिने धरून ठेवला आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून खिडकीतल्या कुंडीत ओतला. त्या दिवसापासून ओल्वेन चहा घेत नाही. कुणी विचारलं तर पित्त होतं म्हणून सांगते.